ढाळ

गहू निघाला आणि मागच्या रानाला बिल्डरनं पत्रे ठोकले. निळे, माणसाच्या डोक्याहून उंच. बुडाला कुत्रं जाईल एवढी फट तेवढी राहिली.

हरिदास त्या फटीतनं आत जायचा. थंडीपासून त्याला ढाळ लागले होते. मध्ये थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पोटात कळ उठायची आणि नुसतं पाणी होऊन जायचं. गहू उभा होता तोवर निभलं. माणूस बसला की ओंब्यांत झाकून जात होता. आता रान उघडं पडलं होतं आणि त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.

त्या सकाळी तो गेला तो परत येईना. शेवंता, त्याची बायको, भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला आणि पिठाचे हात तसेच घेऊन मागं गेली.

आत चौकीदारानं हरिदासला बखोटीला धरलं होतं. हरिदासच्या एका हातात पायजम्याची नाडी होती.

"उठा," चौकीदार म्हणत होता. "हाथ से उठा. साहब लोग प्लॉट देखने आ रहे हैं."

हरिदास वाकला. वाकता वाकता गुडघ्यातनं खाली बसला आणि त्याला पुन्हा झालं. चौकीदार शिवी देत मागं सरला.

शेवंता फटीतनं आत शिरली. पत्र्याच्या धारेनं तिची पाठ खरवडली. तिथंच प्लायवूडचा एक तुकडा पडला होता. तो घेऊन तिनं माती ओढली, सगळ्यावर लोटली, वरनं पायानं दाबली. चौकीदार बघत उभा होता. तिचं झाल्यावर तो म्हणाला, "बीमार है तो अस्पताल ले जा. यहाँ दुबारा दिखा तो टाँग तोड़ दूँगा."

परत येताना हरिदास भिंतीला हात लावून चालत होता. खोलीच्या दारात थांबून तो म्हणाला, "तुझ्या हाताला पीठ हाय अजून."

हरिदास आणि त्याचा थोरला भाऊ दिनकर खानापूर तालुक्यातले. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी सगळ्या मुलखात पांगलेली. सोनारांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं हा धंदा. दिनकर आधी दिल्लीत एका मालकाकडं होता. गुडगावात टोलेजंग इमारती उठायला लागल्या, सराफांची दुकानं वाढली, तसं त्यानं जुन्या बाजारात माडीवर स्वतःची भट्टी टाकली. हरिदासची उमेद दक्षिणेतल्या भट्ट्यांवर गेली होती. लग्नानंतरही तो बरीच वर्षं तिकडं एकटाच राहिला, मग भावानं बोलावून घेतलं. शेवंता आणि सात वर्षांची मुलगी ममता त्याच्याबरोबर आल्या. शेवंता दिनकरच्या घरी भट्टीवरच्या पोरांच्या भाकऱ्या थापायची.

खोली गावठाणात होती. ओळीनं खोल्या, पुढं अंगण, कोपऱ्यात सगळ्यांना मिळून एक संडास. घरमालकीण रामरती अंगणात बाज टाकून हुक्का ओढत बसायची. मागचं रान तिच्याच घरचं, विकलेलं.

रानात जाणं बंद झालं तसा हरिदास संडासात जाऊन बसायला लागला. बाहेर माणसं ताटकळायची, दारावर डबे आपटायची. तो भिंत धरून उठायचा, बाहेर यायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटाला उभा राहायचा. एक दिवस संडासाला कुलूप दिसलं. किल्ल्या बाकीच्या खोल्यांत गेल्या होत्या.

"ताई, बीमार हैं वो," शेवंता रामरतीला म्हणाली.

"बीमार तो मन्नै भी दीखै सै," रामरती म्हणाली. "पर बाकी कमरे आळे भी किराया देवैं सैं. मैं किस-किस का मुँह बंद करूँ?"

मग शेवंतानं रंगाचा रिकामा डबा आणला. तळाला राख घालून तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि पुढं लुगडं बांधलं. हरिदास आत गेला की ममता पुस्तक घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. उजाडायच्या आत शेवंता तो डबा पदराआड धरून नाल्यावर रिता करून यायची.

गावातल्या डॉक्टरनं ढाळाच्या त्याच त्या गोळ्या दिल्या, दोनदा सलाइन लावलं. हरिदासचे गाल बसले, पायजमा कमरेवर ठरेना. तरी तो भट्टीवर जात होता.

वैशाखातल्या एका दुपारी शेवंता जेवणाचा डबा घेऊन माडीचा जिना चढली तेव्हा वर सगळे उभे होते. एका सराफ लालाचं सोनं आलं होतं. जुन्या बांगड्या, तुटक्या साखळ्या. हरिदासनं ते मुशीत, मातीच्या जाड भांड्यात घालून भट्टीत ठेवलं होतं. लालाचा माणूस समोर स्टुलावर बसून होता. सोनं वितळून लगड होईपर्यंत कामगारानं जागचं हलायचं नाही असा रिवाज. हरिदासला मधेच दोनदा पळावं लागलं होतं. आणि लगड तोलली तर वजनात घट आली होती, नेहमीच्या घटीपेक्षा जास्त.

"यह बार-बार बाहर क्यों जा रहा था?" लालाचा माणूस विचारत होता.

"पेट खराब है उसका," दिनकर म्हणाला.

"पेट में क्या है वही तो देखना है."

हरिदास भावाकडं बघत होता. "आबा, मी काय घेतल्यालं न्हाई."

"मला ठावं हाय," दिनकर खालच्या आवाजात म्हणाला. "पन ह्यांना कसं सांगू? उद्या सगळ्या बाजारात बोभाटा हुईल. एकदा दाव त्यांना. तेवढ्यानं मिटतंय."

त्याला गच्चीवर नेलं. शेवंता डबा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. गच्ची तापून तव्यासारखी झाली होती. हरिदास अनवाणी होता, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होता. त्याला घमेल्यावर बसवलं. लालाचा माणूस नाकाला रुमाल लावून समोरच उभा राहिला. हरिदासनं मान गुडघ्यांत घातली. झालं ते फडक्यातनं गाळलं, वरनं पाणी ओतलं. फडक्यात काहीच उरलं नाही.

सगळे खाली आले तेव्हा दिनकरनं मूस फोडली. तळाच्या चिरेत सोनं मुरलेलं होतं. ते टोकरून काढलं, तोललं. वजन जुळलं. लालाच्या माणसानं पुडी बांधली, खिशात घातली आणि जिना उतरून गेला.

"त्यानं एका शब्दानं तरी चुकलं म्हनायचं," शेवंता म्हणाली.

दिनकर भट्टीतली राख सावरत होता. त्यानं वर बघितलं नाही. "हरी, बरं वाटंपत्तूर घरी थांब," तो म्हणाला.

दिल्लीतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायचं शेवंतानंच ठरवलं. बसमध्ये बसायचं म्हणून हरिदासनं आदल्या दुपारपासून तोंडात काही घेतलं नाही. तिनं जुन्या लुगड्याच्या घड्या करून दिल्या, त्या त्यानं आत बांधल्या. बस मधे मधे थांबायची तसा तो डोळे मिटायचा. धौलाकुव्याच्या अलीकडं त्याच्यानं धरवलं नाही. शेजारचा माणूस उठून पुढं जाऊन उभा राहिला. हळूहळू मागच्या सीटवरचेही उठले. भर गर्दीच्या बसमध्ये त्या दोघांभोवती जागा मोकळी झाली.

ओपीडीतली डॉक्टरीण पोरगेलीच होती. तिनं हरिदासची जीभ बघितली, मानेच्या गाठी चाचपल्या आणि रक्त काढायला पाठवलं. झाकणाच्या डबीत संडास आणायला सांगितलं. पहिल्या खेपेला त्यात काही दिसलं नाही. "ताज़ा चाहिए," ती म्हणाली. "दूसरा रंग लगाके देखेंगे." पुन्हा बस, पुन्हा रांग.

रक्ताचं सांगायला साधना मॅडम होत्या. मूळच्या नागपूरच्या, हॉस्पिटलात पेशंटांशी बोलायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी आधी हरिदासला एकट्याला आत घेतलं. बऱ्याच वेळानं दार उघडून शेवंताला बोलावलं.

"हे तुम्हाला स्वतः सांगणार आहेत," त्या म्हणाल्या.

हरिदास आपल्या नखांकडं बघत होता. सोनं शुद्ध करायच्या तेजाबानं ती कायमची काळी पडली होती. "रक्तात एचआयव्ही हाय म्हनं," तो म्हणाला.

"म्हंजे एड्स?"

त्यानं मान हलवली.

"कुठनं आलं?"

"तिकडं असताना."

"लग्नाच्या आदी?"

"आदी," तो म्हणाला. मग म्हणाला, "आनि नंतर बी."

शेवंता बसल्या जागी पदराचं टोक पिळत राहिली. साधना मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला. तिनं तो हरिदासपुढं सरकवला.

"पोटाचं काय?" तिनं विचारलं.

"आतड्यात बारीक परजीवी सापडलाय. डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. घाणीतून, पाण्यातून येतो. धडधाकट माणसाच्या पोटात गेला तर बहुतेक वेळा त्रास देऊन आपला निघून जातो. यांच्या अंगात त्याला हाकलायची ताकद राहिली नाही, म्हणून तो मुक्काम ठोकून बसलाय." त्यांनी गोळ्यांचं पाकीट दाखवलं. "याला औषध आहे. आणि साधं आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. पाणी उकळूनच प्यायचं. मूळ रोगाच्या गोळ्याही आता सरकारनं फुकट सुरू केल्यात. त्याआधी रक्तातली ताकद मोजावी लागते. तारीख देते, त्या दिवशी यायचं. चुकवायचं नाही." मग त्या शेवंताला म्हणाल्या, "तुमचंही रक्त बघायला हवं. आणि मुलीचं."

ममताच्या रक्तात काही निघालं नाही. शेवंताच्या निघालं.

"तुमची ताकद अजून चांगली आहे," साधना मॅडम म्हणाल्या. "पण तपासायला येत राहायचं."

शेवंतानं एवढंच विचारलं, "पोरीचं नक्की न्हाई न्हवं?"

गोळ्या मोठ्या, पांढऱ्या होत्या. हरिदासला गिळताना ठसका लागायचा. शेवंता स्टोव्हवर पाणी खळखळ उकळायची, निववायची, झाकून ठेवायची. आठवडा संपायच्या आत पोटातली कळ थांबली. एका सकाळी तिनं डब्यात वाकून बघितलं.

"बांधून झालं," ती म्हणाली.

हरिदास लुगड्याआडनं बाहेर आला आणि त्यानंही वाकून बघितलं. दोघं तसे उभे होते. त्या दिवशी त्यानं भाकरी मागितली, नुसती, मीठ-तेल लावून. अर्धी खाल्ली आणि उरलेली हातात धरून बसला. नंतरच्या दिवसांत त्याच्या पिंढऱ्या थोड्या भरल्या. तो अंगणापर्यंत चालत जाऊन उन्हाला बसायला लागला.

त्या आनंदात शेवंताची चूक झाली. दिनकरच्या घरी भाकऱ्या थापताना तिची थोरली जाऊ वैजयंती जवळ बसून विचारत होती, नक्की काय निघालं, कसल्या गोळ्या. दोघी एका ताटात जेवलेल्या. शेवंतानं सांगितलं. "अक्का, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाली. वैजयंतीनं तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती गेली तर परातीला दुसरीच बाई बसली होती. वैजयंती आतनं बाहेर आली नाही. शेवंताचा चहाचा कप मोरीत वेगळा पालथा घातलेला होता.

संध्याकाळी दिनकर खोलीवर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. शेवंतानं चहाचं विचारलं, तो नको म्हणाला.

"गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढल्यात," तो म्हणाला. "तिघांची. गावाकडं आई हाय, मोकळी हवा हाय. हितं काय हाय तुमचं?"

"दवाखाना हाय," शेवंता म्हणाली.

"विट्याला काय दवाखानं न्हाईत?"

"तारीख दिल्या ह्यांना. रक्त मोजायची."

दिनकर तिच्याशी बोललाच नाही. "हरी, भट्टीवरची पोरं निघून जायला लागल्यात. हिच्या हातचं जेवल्यालं आठवून वकत्यात. मी काय करू सांग."

हरिदास म्हणाला, "आबा म्हनतोय ते बरोबर हाय."

तो गेल्यावर शेवंता भांडली. तिनं कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. हरिदास ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "शेवंते, तितं माळ हाय. मानूस कुठंबी जाऊन बसू शकतंय. कुनी पत्रा ठोकत न्हाई, कुनी हाकलत न्हाई. मला तेवढंच पायजे."

"आनि तारीख?"

"तू म्हनतीस तर ईन की परत तारखेला."

दोघांनाही माहीत होतं की तो येणार नाही.

निजामुद्दीनच्या फलाटावर दुपारच्या उन्हानं पत्रे वाजत होते. शेवंतानं डब्यात चढून हरिदासला संडासाजवळची जागा मिळवून दिली, खाली चादर अंथरली. उकळलेल्या पाण्याचा कॅन पायाशी ठेवला. गोळ्यांची पाकिटं पिशवीच्या कुठल्या कप्प्यात आहेत ते त्याच्या हाताला चाचपून दाखवलं. त्याच डब्यात गावाकडचा, लेंगऱ्याचा एक माणूस होता, त्याला सांगितलं, जरा बघा ह्यांच्याकडं. मग ममताला दाराशी नेलं आणि परत येऊन म्हणाली, "मी उतरतीया."

"तुझं तिकीट हाय."

"तुमी बी उतरा."

हरिदासनं खिडकीतनं बाहेर बघितलं. फलाटावर दिनकर उभा होता. हरिदासनं तिचं मनगट धरलं. भट्टीवरच्या सांडशीची सवय असलेला हात, एके काळी त्यानं धरलं की सुटायचं नाही. आता तिनं नुसता हात मागं घेतला आणि तो सुटला.

ती खाली उतरली तसा दिनकर पुढं झाला. "नवऱ्याला असं एकटं सोडतीस?"

"मला बी हाय त्यो रोग, आबा. माझं औषध हितं हाय." गाडीनं धक्का खाल्ला. "तुमी जावा की त्यांच्यासंगट. भाऊ हायसा."

दिनकर गेला नाही. गाडी हलली. हरिदासनं खिडकीतनं हात बाहेर काढला, तो हलवायला काढला की थांब म्हणायला, ते कळलं नाही. ममता फलाट संपेपर्यंत बाजूनं चालत गेली आणि परत आली.

शेवंताला हायवेकडच्या एका ऑफिसच्या टॉवरमध्ये साफसफाईचं काम मिळालं. निळा डगला, रबरी हातमोजे. एका मजल्यावरचे संडास तिच्याकडं होते. पांढऱ्या फरशा, आरसे, टाकीचं बटण दाबलं की हवं तेवढं पाणी. सकाळी तिथं कुणी नसायचं. ती एकेक भांडं घासून पुढं सरकायची. पहिले काही दिवस एखाद्या दाराशी ती नुसतीच उभी राहायची, मग मुकादम हाक मारायचा.

रविवारी ती एसटीडी बूथवरनं गावात फोन लावायची. पहिल्यांदा हरिदास स्वतः आला. "माळावर जाऊन येतोय," म्हणाला. "पाऊस न्हाई अजून. ममी शाळंला जातीया का?" पुढच्या खेपेला त्याचा आवाज लांबनं आल्यासारखा होता. तारखेचं विचारलं तर म्हणाला, "बघू." त्यानंतर फोनवर तो आलाच नाही. निजलाय म्हणून सांगायचे.

भादव्यात एका संध्याकाळी दिनकर खोलीवर आला. या वेळी उंबऱ्यावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गेला," तो म्हणाला.

शेवंता तांदूळ निवडत होती. "कवा?"

"परवा. माझी वाट न बघताच उचलला म्हनं. मग मी गेलोच न्हाई."

"पुन्ना लागलं हुतं?"

"महिनाभर. नुसतं पानी."

"आनि गोळ्या? चालूच ठिवायच्या हुत्या."

दिनकर बराच वेळ टोपीची घडी घालत होता. "संपल्या. विट्याचा मेडिकलवाला वळखीचा. गोळ्यांवरनं रोग वळखंल म्हनून हरीनं आनूच दिल्या न्हाईत कुनाला. बरा झालोय म्हनायचा."

"पानी तरी उकळत हुते का?"

"आई म्हनती, आमच्या हिरीचं पानी हाय, त्याला काय उकळायचं."

शेवंतानं सूप बाजूला ठेवलं. दिनकरचे खांदे हलायला लागले होते. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो उठताना म्हणाला, "दहावं तिकडं करत्यात. तू यिऊ नगंस. लोकं तुलाच बोलत्यात, सोडून दिला म्हनून." टोपी घालत म्हणाला, "बोलू द्येत." आणि गेला.

ममता दारातच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आली आणि आईला चिकटून बसली. अंधार पडायला लागला तसं शेवंतानं डोळे पुसले.

"आता आपल्याला सुतक हाय," ती म्हणाली.

"सुतक म्हणजे क्या?"

"घरात मानूस गेलं की काही दिवस लोकं आपल्याला शिवत न्हाईत. आपल्या हातचं खात न्हाईत."

ममतानं विचार केला. "वो तो पहले से ही नहीं खाते," ती म्हणाली.

शेवंतानं तिला जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची तारीख होती. सुतकात बाहेर पडू नये म्हणतात. शेवंतानं पहाटे डोक्यावरनं पाणी घेतलं, ममताला सोबत घेतलं आणि दोघी रस्त्यावर बसला उभ्या राहिल्या. रात्री पाऊस पडून गेला होता, खड्ड्यांत लाल पाणी साचलं होतं. बस खच्चून भरून आली. शेवंता वरचा दांडा धरून उभी राहिली. बस वळली तशी ममता झोकांडली, आणि सीटवरच्या कुण्या अनोळखी बाईनं तिला दंडाला धरून आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"बैठ जा, बेटा," ती बाई म्हणाली. "अभी दूर है."